छत झाकण्याआधी दाखवा : जुनी घरे दुरुस्त करून विकणाऱ्या ठाण्यातील व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
ठाणे शहरात जुन्या सदनिका विकत घेऊन, त्यांचे नूतनीकरण करून त्यांची पुन्हा विक्री करणारे व्यावसायिक, त्यांचे कंत्राटदार आणि दलाल यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील एका सदनिकेचा बयाणा झाला. घेणारे गृहस्थ आम्हाला नवे नाहीत. २०२३ च्या दिवाळीनंतर त्यांनीच माझ्या घराच्या बरोबर वरची, दुसऱ्या मजल्यावरील सदनिका हाती घेतली होती, चाळीस दिवसांत तिचे रूप पालटले होते आणि पुढच्या गुढीपाडव्याच्या आत ती विकून ते मोकळेही झाले होते. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्या घरात आणि माझ्या घरात जे घडले, ते भोगल्यानंतर तिसऱ्या मजल्यावरचे घर पुन्हा त्याच पद्धतीने हाताळले जावे, हे मला गप्प बसून पाहता येणार नाही. त्या गृहस्थांना मी स्वतंत्र पत्र दिले आहे. हे पत्र आपणा सर्वांना आहे, कारण नौपाडा, चरई, कोपरी या भागांतील ओळखीच्या संस्थांच्या पदाधिकाऱ्यांशी मी बोलले, तेव्हा थोड्याफार फरकाने हाच अनुभव त्यांनीही सांगितला.

मी पाचपाखाडीतील १६ सदनिकांच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. इमारत १९८४ सालची, तळमजला आणि वर तीन मजले, लिफ्ट नाही. माझी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली. बांधकामाचे शिक्षण मी घेतलेले नाही. परंतु संस्थेच्या २०२१ आणि २०२४ च्या स्ट्रक्चरल ऑडिटच्या वेळी अभियंत्यांबरोबर मी घराघरांत फिरले, त्यांनी हातोडीने ठोकून पाहिलेले प्रत्येक छत मीही ऐकले. निरोगी स्लॅब खणखणीत वाजतो आणि गंजलेल्या सळईपासून सुटू लागलेला स्लॅब बद्द वाजतो, हा फरक एकदा कानाला कळला की तो विसरता येत नाही. या पत्रात मी जे लिहीत आहे ते त्या फेऱ्यांत शिकलेले, नंतर अभियंत्यांना पुन्हा पुन्हा विचारून पक्के केलेले आणि उरलेले स्वतःच्या घरात अनुभवलेले आहे.

आरंभीच स्पष्ट करते की आपल्या व्यवसायाला माझा विरोध नाही. आमच्या वरच्या घराच्या मूळ मालकीणबाई १९८५ पासून तेथे राहत होत्या. गुडघ्यांनी साथ सोडल्यावर त्या मुलाकडे पुण्याला गेल्या आणि घर चार वर्षे बंद राहिले. बंद घरात ओल वाढते, नळ सडतात, मासिक देखभाल थकते आणि शेजाऱ्यांनाही त्याचा त्रास होतो. अशा घराला माणूस मिळवून देणे, त्यातील सडलेली दारे, कुजलेली वायरिंग, फुटक्या लाद्या काढून ते राहण्याजोगे करणे आणि घोडबंदर रस्त्यावरच्या नव्या मनोऱ्यांतील किमती न झेपणाऱ्या एखाद्या कुटुंबाला ते स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर उपलब्ध करून देणे, हे उपयोगी काम आहे. त्यात नफा मिळावा, यालाही कोणाची हरकत असू नये. माझी हरकत एका गोष्टीला आहे. सदनिकेचे छत हे वरच्याची जमीन असते आणि तिची जमीन हे खालच्याचे छत असते. त्यामुळे आपण चाळीस दिवसांत जे झाकून जाता ते आपल्या एकट्याच्या मालकीचे कधीच नसते.

आता तक्रारींकडे येते. पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार छताची आहे.

आमच्या २०२१ च्या ऑडिट अहवालात त्या घराच्या शयनगृहाच्या छताविषयी स्पष्ट शेरा होता की दोन ठिकाणी सळया उघड्या पडल्या आहेत, काँक्रीटचे आवरण सुटले आहे आणि दुरुस्ती आवश्यक आहे. अहवालाची प्रत संस्थेच्या कार्यालयात होती. ती कोणी मागितली नाही. ठाणे खाडीकाठी वसलेले आहे. येथील हवेत ओल आहे आणि क्षारही आहेत. नव्या काँक्रीटमध्ये असलेल्या अल्कलीमुळे सळईवर एक संरक्षक थर राहतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत मुरत गेला की ही अल्कली संपते, थर जातो आणि ओल पोचताच गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा लागते. ती जागा करण्यासाठी तो भोवतालचे काँक्रीट आतून फोडतो आणि आपण ज्याला पोपडे म्हणतो ते खाली येऊ लागतात. अशा छताची योग्य दुरुस्ती काय असते हे आपल्या कंत्राटदारांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. सुटलेले काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचे, गंज तारेच्या ब्रशने घासून काढायचा, गंजरोधक लेप द्यायचा, सळई फार झिजली असेल तर तिच्या शेजारी नवी जोडायची, नव्या-जुन्याला धरून ठेवणारा थर लावून पॉलिमर मॉर्टर भरायचे आणि त्यावर पुरेसे दिवस पाणी मारायचे. हे सारे करण्यास दोन-तीन आठवडे लागतात.

वरच्या घरात यांपैकी काहीही झाले नाही. सळयांवरून पुट्टीचा हात फिरवला गेला आणि खाली पीओपीचे फॉल्स सीलिंग टांगले गेले. ते टांगण्यासाठी लागणारी भोकेही त्याच कमकुवत स्लॅबमध्ये ड्रिलने पाडली गेली. मग त्यात लपवलेले दिवे बसले, आणि घर पाहायला येणारा प्रत्येकजण ते दिवे पाहून प्रसन्न होऊन गेला.

ते घर एका तरुण जोडप्याने वीस वर्षांच्या कर्जावर घेतले. ती मुलगी परिचारिका आहे. २०२४ च्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, शयनगृहातील छताचा पाटाएवढा तुकडा पीओपी फोडून पलंगावर पडला. रात्रपाळी करून आलेली ती मुलगी त्या दिवशी केवळ योगायोगाने बाहेरच्या खोलीत झोपली होती. आवाज ऐकून मी वर धावले, तेव्हा ती दारात उभी राहून पलंगाकडे पाहत होती आणि काही बोलत नव्हती. नंतर सगळे छत उघडले, तेव्हा अहवालातील दोन जागांच्या पाच झाल्या होत्या. दुरुस्तीला २ लाख ८० हजार रुपये लागले, आणि ते कर्जाच्या हप्त्यांखेरीजचे आहेत.

दुसरी तक्रार जमिनीवर चढवलेल्या भाराची. जुनी लादी काढायची म्हणजे मजुरी, वेळ, डेब्रिज (तोडफोडीचा राडारोडा) उतरवण्याचा खर्च. म्हणून जुन्या लादीवरच माल पसरून नवी मोठी टाईल बसवली जाते. येथे गणिताची शिक्षिका म्हणून थोडा हिशेब मांडते. दोन इंच जाडीच्या सिमेंट-वाळूच्या थराचे वजन दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो भरते आणि टाईलचे त्याखेरीज. राहत्या खोलीतील माणसे, कपाटे, पलंग या सर्वांसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, इतका भार गृहीत धरला आहे. मूळ लादीचे वजन आराखड्यात आधीच मोजलेले असते. तिच्यावर आणखी एक थर चढला की माणसांच्या आणि सामानाच्या वाट्याची निम्मी ताकद आपण कायमची खर्च करून टाकतो. आमच्या वरच्या घराच्या साधारण ३० चौरस मीटर जमिनीवर त्या चाळीस दिवसांत तीन टनांहून अधिक वजन वाढले आणि ते ४० वर्षांच्या स्लॅबवर, माझ्या डोक्यावर वाढले. याशिवाय काम चालू असताना फोडलेल्या विटा आणि माल एका खोलीत साठवला जातो, कारण ट्रक एकदाच बोलावला की स्वस्त पडतो. गुडघाभर उंचीचा असा ढीग दर चौरस मीटरला सहाशे किलोंच्या आसपास जातो, म्हणजे गृहीत धरलेल्या भाराच्या तिप्पट.

ही भीती पोकळ नाही. जून २०२२ मध्ये नेरुळच्या सेक्टर १७ मधील एका इमारतीत सहाव्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना दिवाणखान्याचा स्लॅब कोसळला आणि खालचे स्लॅब पाडत तळमजल्यापर्यंत गेला. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेला चौथ्या मजल्यावर फरशीचेच काम सुरू होते. तेथे स्लॅब कोसळून सहा जणांचे प्राण गेले. दोन्ही वेळा इमारतीत माणसे आपापल्या घरी नेहमीची कामे करत होती. खालच्या मजल्यावरच्या माणसाला वर ब्रेकर (लादी-भिंत फोडायचे यंत्र) चालू झाला की काय वाटते, हे आपणांपैकी ज्यांनी केवळ कामाच्या जागेवरून पाहिले असेल त्यांनी एकदा खालच्या घरात येऊन बसावे, अशी माझी मनापासून विनंती आहे.

याच मुद्द्यात भिंतींचाही विचार करायला हवा. ओपन किचनसाठी स्वयंपाकघर आणि दिवाणखाना यांच्यातील साडेचार इंची भिंत काढली गेली. ही भिंत भार घेत नाही, असे आम्हाला सांगण्यात आले. नकाशावर ते खरेही आहे. आमच्या अभियंत्यांनी मात्र नंतर समजावले की, चाळीस वर्षांत स्लॅब थोडा वाकतो आणि जी भिंत आराखड्यात भार घेत नव्हती ती प्रत्यक्षात त्याला टेकू देऊ लागते. त्यामुळे ती काढण्याआधी वरच्या घरात जाऊन पाहणे आवश्यक असते. कोणी गेले नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या लादीत त्या रेषेवर आज भेग आहे. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपरमध्ये चार मजली इमारत कोसळून १७ जण मरण पावले, तेव्हा तळमजल्यावर चाललेल्या फेरबदलांत आधार तोडले गेल्याचा आरोप झाला होता. तेथील प्रकार कितीतरी गंभीर होता, हे मी जाणते; तरीही वरच्या माणसाला न विचारता खाली तोडफोड करण्याची सवय तीच आहे.

तिसरी तक्रार न्हाणीघराची. आमच्या काळातील इमारतींत न्हाणीघराचा स्लॅब खाली दाबलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. हा कोबा हेच वॉटरप्रूफिंग. वरची टाईल ब्रेकरने फोडली की कोब्याला तडे जातात, न्हाणी ट्रॅपचा (मोरीच्या जाळीखालील भांड्याचा) सांधा हलतो आणि मग त्यावर कितीही महागडी टाईल लावली तरी पाणी आपली वाट शोधते. नवे कुटुंब राहायला आल्यापासून तिसऱ्या आठवड्यात माझ्या न्हाणीघराचे छत पाझरू लागले. पाऊस तेव्हा सुरूही झाला नव्हता. ते त्यांच्या आंघोळीचे पाणी होते. टाईल लावण्याआधी न्हाणीघराचा निचरा बंद करून, त्यात चार बोटे पाणी भरून ते तीन दिवस उभे ठेवले असते आणि मला माझ्या छताकडे लक्ष ठेवायला सांगितले असते, तर ही गळती तेव्हाच कळली असती. या चाचणीला काही बादल्या पाण्यापलीकडे काही खर्च नाही. फक्त तीन दिवस काम थांबते. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार (नमुना नियमांनुसार) न्हाणीघरातील अंतर्गत गळतीचा खर्च त्या सदस्याने करायचा असतो. म्हणजे ज्यांनी कोबा फोडला त्यांच्याऐवजी, ज्यांनी तो कधी पाहिलाही नाही त्या नव्या जोडप्याकडे मला दाद मागावी लागली. नवे शेजारी घरी आले की आपण त्यांना चहाला बोलावतो. मला त्यांच्याकडे पहिल्यांदा तक्रार घेऊन जावे लागले आणि ती खंत आजही आहे.

चौथी तक्रार कागदपत्रांची आहे, आणि या पत्राचा बराचसा राग तेथून आला आहे.

छत पडल्यानंतर ते जोडपे आणि मी मिळून त्या व्यवहाराची कागदपत्रे काढून बसलो. त्यात लिहून देणार म्हणून पुण्याला राहणाऱ्या मूळ मालकीणबाईंचे नाव होते आणि लिहून घेणार म्हणून या जोडप्याचे. ज्यांनी बाईंना पैसे दिले, घराची किल्ली घेतली, भिंत पाडली, छत झाकले आणि वाढीव किमतीला घर विकले, त्यांचे नाव केवळ साक्षीदार म्हणून होते. बाईंशी त्यांनी साधा करारनामा केला होता आणि त्याआधारे पुढचे गिऱ्हाईक मिळेपर्यंत घर ताब्यात ठेवले होते. स्वतःच्या नावावर घर न घेतल्यामुळे त्यांना मुद्रांक शुल्क भरावे लागले नाही, संस्थेचे सभासद व्हावे लागले नाही, आणि त्यांनी केलेल्या कामाची जबाबदारीही कागदावर त्यांच्याकडे आली नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ नुसार, खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही दिसू शकणार नाहीत असे, स्वतःला ठाऊक असलेले मालमत्तेतील महत्त्वाचे दोष विकणाऱ्याने उघड करायचे असतात. पण येथे कायद्याच्या दृष्टीने विकणारे कोण? ज्यांनी ते पीओपी डोळ्यांनी पाहिलेलेही नाही त्या ऐंशी वर्षांच्या बाई. वकिलाने नोटीस त्यांच्या नावे काढायला सांगितली. त्या मुलीने ती काढली नाही. माझ्या मते तिने योग्यच केले, मात्र त्यामुळे तिचे २ लाख ८० हजार रुपये बुडाले.

नव्या इमारतीत घर घेणाऱ्याला २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने बांधकामातील दोषांबाबत पाच वर्षांचे संरक्षण दिले आहे. आपण विकता ती घरे त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत. ज्या घराचे वय ४० वर्षे आहे, जेथे संरक्षणाची गरज अधिक आहे, तेथे ते अजिबात नाही. ही पोकळी कायदा कधी भरेल ते भरो. तोपर्यंत ती आपल्या शब्दाने भरली जावी, एवढे मागण्याचा अधिकार खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना आहे, असे मला वाटते.

आणखी दोन गोष्टी थोडक्यात. घर दाखवताना ‘लवकरच रीडेव्हलपमेंट होणार आहे’ असे सांगितले जाते. आमच्या संस्थेत त्या विषयावर आजपर्यंत एकही ठराव झालेला नाही. तरीही त्या जोडप्याला दोन वर्षांत नव्या इमारतीत मोठे घर मिळेल, असे सांगण्यात आले होते आणि किमतीत त्याचे पैसे घेतले गेले होते. दुसरे, काम चालू असताना मजूर त्याच घरात सिमेंटच्या गोण्यांशेजारी झोपत, तेथेच स्टोव्हवर स्वयंपाक करत. उघड्या वायरी आणि थिनरचे डबे असलेल्या बंद खोलीत माणसांना रात्री ठेवणे हे त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

यात आम्ही कोठे चुकलो, तेही लिहिणे माझे कर्तव्य आहे. आदर्श उपविधींनुसार समितीच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय सदनिकेत फेरबदल करता येत नाहीत. आमच्याकडे अर्ज आला, त्यात ‘रंगकाम व फरशी’ एवढेच लिहिले होते, आणि आम्ही अनामत रक्कम घेऊन त्यावर शिक्का मारला. त्या शिक्क्याखाली सही माझी आहे. मी एकदा जिना चढून वर गेले असते, तर भिंत पडताना दिसली असती. मी गेले नाही. इमारत ३० वर्षांपुढची झाली की दर तीन वर्षांनी ऑडिट करावे लागते, महानगरपालिका अधिनियमातील कलम २६५-अ खाली नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणीही करावी लागते. ते सगळे आम्ही वेळेवर केले आणि अहवाल कपाटात ठेवला. अहवालातील शेरा ज्या घराबद्दल होता त्या घराच्या नव्या मालकाच्या हातात तो आम्हीही दिला नाही. ज्या इतर संस्थांचे पदाधिकारी हे वाचत असतील, त्यांनी निदान एवढे आजच करावे.

आता मागण्या सांगते. त्या कोणत्याही प्रामाणिक व्यावसायिकाला जड जाऊ नयेत. आपल्यातील एकाने चरईत अशाच एका घराचे काम चार महिने घेऊन, शेजाऱ्यांना बोलावून, छत उघडे ठेवून केले आहे आणि ते घरही विकले गेले आहे, म्हणून मी हे ठामपणे लिहू शकते.

काम हाती घेण्याआधी संस्थेकडून शेवटचा ऑडिट अहवाल मागून घ्यावा आणि महापालिकेच्या यादीवरील स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून त्या सदनिकेची वेगळी पाहणी करून घ्यावी. पाहणीला वरच्या आणि खालच्या घरातील माणसांना बोलवावे. काय तोडणार आहात, हे अर्जात भिंतीगणिक लिहावे.

छतावरील जुने प्लॅस्टर काढल्यावर, फॉल्स सीलिंग बसवण्याआधी, किमान सात दिवस छत उघडे ठेवावे. त्या अवस्थेतील आणि दुरुस्तीनंतरची छायाचित्रे तारखेसह एका फाइलीत ठेवून ती फाइल खरेदीदाराला द्यावी. संस्थेलाही तिची एक प्रत मिळावी. खराब सळई सापडली तर ती दुरुस्त केल्याशिवाय पीओपीवाल्याला आत घेऊ नये.

जुनी लादी काढल्याशिवाय नवी बसवू नये. निघालेले डेब्रिज त्याच संध्याकाळी खाली उतरवावे; खोलीत साठवू नये, आणि रात्रीच्या अंधारात खाडीकाठी किंवा रस्त्याकडेलाही टाकू नये. न्हाणीघराची पाण्याची चाचणी ७२ तासांची असावी आणि ती झाल्याच्या कागदावर खालच्या घरातील माणसाची सही असावी.

घर स्वतःच्या नावावर नोंदवून, मुद्रांक शुल्क भरून, सभासद होऊन मग विकावे. तसे करणे शक्य नसेल तर निदान करारनाम्यात ‘मान्यता देणार’ (व्यवहाराला संमती देणारा पक्ष) म्हणून आपले नाव यावे आणि केलेल्या कामाची जबाबदारी त्यात लिहिलेली असावी. साक्षीदार म्हणून सही करून बाजूला होऊ नये.

आणि विक्रीनंतर दोन पावसाळे छत, गळती आणि प्लंबिंग यांची दुरुस्ती आपण स्वखर्चाने करून देण्याचे लेखी आश्वासन द्यावे. एका पावसाळ्यात ओल भिंतीत शिरते, दुसऱ्या पावसाळ्यात ती बाहेर दिसते; म्हणून दोन. रीडेव्हलपमेंटबद्दल बोलायचे असेल तर सर्वसाधारण सभेचा ठराव दाखवून बोलावे, ठराव नसेल तर तो विषय काढू नये.

दलाल मंडळींना वेगळे सांगते की, घर दाखवायला आणलेल्या कुटुंबाला आधी संस्थेच्या कार्यालयात आणा. अहवाल तेथे आहे, तो वाचायला अर्धा तास लागतो आणि त्याबद्दल कोणतेही शुल्क घेतले जात नाही.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या घराविषयी. ते सर्वांत वरचे घर आहे. त्याचे छत म्हणजे गच्चीचा स्लॅब, आणि २०२४ च्या ऑडिटमध्ये संपूर्ण इमारतीतील सर्वांत वाईट शेरा त्याच स्लॅबला आहे. गच्चीतून होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने करायची असते आणि ती करण्याची आमची तयारी आहे. निधीचा ठराव झाला आहे. ती दुरुस्ती खालून छत उघडे असतानाच नीट होऊ शकते. ते एकदा पीओपीने झाकले गेले तर आम्हाला पुढच्या मालकाचे नवे कोरे छत फोडण्याची परवानगी मागावी लागेल, आणि ती कोण देईल? म्हणून या वेळी आमच्या समितीने परवानगीचा अर्ज राखून ठेवला आहे. येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता आमचे अभियंते त्या घरात येणार आहेत. संबंधित गृहस्थांनी त्या वेळी कंत्राटदारासह उपस्थित राहावे, वर लिहिलेल्या अटींवर सही करावी. परवानगीचे पत्र मी तेथेच त्यांच्या हातात देईन. दुसऱ्या मजल्यावरचे जोडपेही तेव्हा तेथे असेल. त्यांच्या २ लाख ८० हजार रुपयांचा विषयही त्याच बैठकीत निघेल, याची पूर्वकल्पना देऊन ठेवते.

कळावे,

आपली विश्वासू,
सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)